डावीकडे वळवलेलं घड्याळ

जागा दोन घड्याळांची होती आणि मला तीन हवी होती. भिंतीवरच्या घड्याळांबद्दल नाही बोलत मी. इंजिनाचा दाब नि उष्णता दाखवणारे जे गोल मीटर असतात, त्यांना आमचे बाबा घड्याळ म्हणतात. मेकॅनिक गेज म्हणतो. बाबांसमोर गेज म्हटलं की ते म्हणतात, "सरळ घड्याळ म्हण मगे, तुका कोण दंड करता?"

मी मालवणात शाळेत विज्ञान शिकवते. पंचेचाळिशी ओलांडलीय, चष्मा लागलाय, आणि माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे, जिचा टर्बो काढून मी त्याहून मोठा बसवून घेतलाय. हे शेवटचं ऐकलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी बंदरावर सुरमई चोरताना सापडलेय. "बाई, तुमका ह्या सगळा कित्याक?" असं एका शिक्षकांनी स्टाफरूममध्ये विचारलं होतं. मी म्हटलं, "तुमका क्रिकेट कित्याक?" त्यानंतर कुणी विचारलेलं नाही. माझ्या नाकावरच राग असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं उत्तर एवढंच, की मी गिरणीत वाढले. धामापूरच्या पुढे आमचं गाव, आणि गावात बाबांची भाताची गिरण. शेडच्या मागल्या बाजूला डिझेल इंजिन, त्याच्यावरून पट्टा आत गेलेला, आणि सगळीकडे कोंड्याची धूळ. त्या इंजिनाला एकही घड्याळ नव्हतं. बाबांकडे लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात सांगायचे, बेरिंग सुटत आलंय की नोझल गळतोय. आजूबाजूच्या चार गावांचे पंप त्या स्क्रूड्रायव्हरवर दुरुस्त झालेत. मी सहा वर्षांची असताना त्यांनी ती मूठ माझ्या कानामागे लावली आणि म्हणाले, "आयक. ह्या बरा इंजिन. ह्या ध्यानात ठेव, मगे वायट आपोआप कळतला." आवाज हाडातून कसा जातो, हे मी आता मुलांना फळ्यावर काढून दाखवते. पण मला ते शिकवलं बाबांनी, कोंड्याच्या धुळीत.

गिरण आता बंद आहे. आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबा गावाला एकटेच राहतात, मालवणात यायला तयार नाहीत. म्हणून रविवारी मी जीप काढते, गावाला जाते, बाबांना डावीकडच्या सीटवर बसवते आणि आम्ही कुठेतरी जातो. बहुतेक वेळा तोंडवलीला. तिथे सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, थर्मासातला चहा प्यायचा आणि इंजिनावर बोलायचं. बापलेकीचं बोलणं म्हणजे एवढंच. आई असताना ती म्हणायची, "तुमी दोघा बोलतास तेवा माका वाटता, गॅरेजात ऱ्हवतंय." तिला काय माहीत, आम्हाला दुसरं काही बोलता येतच नव्हतं.

आता चुकीबद्दल सांगते. ती माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

टर्बो म्हणजे काय, दोन वाक्यांत सांगायचं तर, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. मिनिटाला लाखभर फेरे घेणारा हा पंखा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यामुळे तेलाचा दाब उतरला की त्याचा खेळ खलास. नवा मोठा टर्बो बसवल्यावर महिन्याभरात आम्ही आंबोलीच्या घाटाने निघालो होतो. अर्ध्या चढावर मला एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. पाय कमी केला की कमी व्हायची, दिला की वाढायची. मी बाबांना विचारलं, "बाबा, शीळ येता काय हो?" त्यांनी डोळे मिटले. हात डॅशबोर्डावर ठेवला. मग म्हणाले, "कायेक नाय. इंजिन बरा आसा. चल."

आणि मी चालवत राहिले. माझ्या कानांना शीळ ऐकू येत होती, बाबा म्हणत होते नाही, म्हणून मी ठरवलं की माझ्याच कानांत काहीतरी आहे. विज्ञान शिकवणारी बाई मी! आमच्याकडे बाबांनी इंजिन बरं म्हटलं की ते बरं. लहानपणापासून तसंच चालत आलं होतं. दोन वळणांनंतर टर्बो गेला. निळा धूर एवढा निघाला की मागची एसटी थांबली आणि ड्रायव्हर उतरून बघायला आला.

टो करून आणल्यावर मेकॅनिकने सांगितलं, तेलाचा पंप म्हातारा झाला होता, गरम झाल्यावर दाब उतरत होता. डॅशबोर्डावर कंपनीचा लाल दिवा असतोच की, मी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, दाब पार तळाक गेल्यावर तो लागता. वरातीमागून घोडां." त्याचं गॅरेज मालवणाबाहेर माळावर आहे, माणूस सालस, कामाला चोख, पण त्या दिवशी मी त्याच्यावर इतकी ओरडले की समोरच्या काजूच्या बागेतली माणसं कुंपणाशी आली. पंप आधी का बघितला नाहीस, असं नि तसं. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते बाजूच्या स्टुलावर बसले होते. बाबा हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होते.

त्या दिवशी मला कळलं की बाबांना ऐकू येत नाही. म्हणजे बोलणं येतं, जाड आवाज येतात, बारीक आवाज पार गेलेत. तीस वर्षं गिरणीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोनची घंटा त्यांना कळत नव्हती. फोन उचलला नाही की आम्ही दोघं मिळून रेंजला शिव्या घालायचो. कळत होतं हो मला. मान्य करायचं नव्हतं. आणि एवढं होऊनही मी बाबांना काही बोलले नाही, बाबाही मला काही बोलले नाहीत.

नवा पंप आला, टर्बो पुन्हा बांधला, आणि मी घड्याळं बघायला लागले. मेकॅनिकने तीन डबे काढून बाकावर मांडले. एक टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारं. एक तेलाचा दाब. एक इंजिनातून निघणाऱ्या धुराची उष्णता, कारण टर्बो मोठा केला नि डिझेल जास्त पाजलं की आधी धूर तापतो, मग पिस्टन वितळतो. डॅशबोर्डावर मधोमध दोनच बसतील एवढी जागा. तिसरं कुठे खिडकीच्या खांबावर चिकटवलं तर समोरचं दिसायचं नाही.

"हवेचा तर बसवचाच लागतला," मेकॅनिक म्हणाला. "सगळी जणां ताच बसवतत. पाय दिल्यार काटो कसो उडता बघा." काटा उडतो खरा, बघायला मजाही येते. पण जो काटा बघून मला काही करायचं नाही, तो काटा कशाला, असं मी म्हटलं. काटा उडताना बघायचा असेल तर मी जत्रेत जाईन.

मी दोन आठवडे त्याच्यात घालवले. तेलाच्या घड्याळात दोन जाती. एका जातीत इंजिनातलं खरं तेल बारीक नळीने थेट घड्याळापर्यंत येतं. काटा अगदी इमानदार, पण नळी फुटली तर उकळतं तेल मांडीवर. दुसऱ्या जातीत इंजिनावर सेन्सर आणि घड्याळापर्यंत फक्त वायर. मी वायरचं ठरवलं. पुढे आमच्या खाऱ्या हवेचा प्रश्न. स्वस्त घड्याळांच्या काचेच्या आत पावसाळ्यात दव धरतं आणि महिन्याभरात वायरच्या टोकांना हिरवा गंज चढतो. म्हणून पक्कं सील असलेलं घ्यायचं. मग अंक केवढे, काटा अर्धा फिरतो की पूर्ण फिरतो, घड्याळ धोक्याची खूण बझरने देतं की दिव्याने. वहीची चार पानं भरली.

ती वही घेऊन मी रविवारी गावाला गेले. बाबा ओट्यावर सुपाऱ्या सोलत होते. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं आणि वही मिटली.

"हातच्या काकणाक आरसो कित्याक?" ते म्हणाले. "मी आसंय मा?"

तुमच्या कानांवर आता माझा विश्वास नाही, असं बापाला कसं सांगायचं? मी म्हटलं, "बाबा, तुमी दर वेळी वांगडा नसतास." बाबा दर वेळी बरोबर नसतात, हे खरं होतं आणि खोटंही होतं. बाबांनी मान हलवली. त्या रविवारी ते तोंडवलीला आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. पुढच्या रविवारी पोफळीला पाणी द्यायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तर स्क्रूड्रायव्हर ओट्यावरच्या खुंटीवर नव्हता. कुठे ठेवलात विचारलं, तर म्हणाले, "आसात खंयतरी." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

भांडी घासून बाहेर आले तर बाबा शर्ट घालून उभे. "चल, देवाक इचारूया."

आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. गिरणीचं इंजिन घेताना कौल लावला होता, माझं लग्न ठरताना लावला होता, आईचं ऑपरेशन कुठे करायचं तेव्हाही. देवाच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विज्ञान शिकवते, हे वर सांगितलंच. पण बाबांबरोबर देवळात गेले की मी हात जोडून उभी राहते. त्याचा मला आजवर त्रास झालेला नाही.

तोच गुरव, माझ्या लग्नाचा कौल लावणारा, आता पिकून पांढरा झालेला. प्रश्न ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "गाडयेच्या घड्याळाचा गाऱ्हाणा मी आजपर्यंत घालूक नाय. तूच घाल बाबा, माका त्यातला काय कळता?"

बाबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरव आणि मी. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक टप्प्याला मागच्यांनी असं म्हणायचं असतं.

"आज तुझ्या ह्या लेकराचा चेडू आपल्या गाडयेक घड्याळां बसयता. तेच्या इंजिनाची राखण कर. तेलाचो दाब उतराक दिव नको, धूर तापाक दिव नको, घाटात नि पावसात सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी; मला हसू दाबता येईना. पण देवाने कामं झटपट केली. तेलाचं घड्याळ बसवायचं का, उजवी. धुराचं बसवायचं का, जरा थांबून पुन्हा उजवी. हवेच्या घड्याळाचं बाबांनी विचारलंच नाही. "जागाच नाय, मगे देवाक कित्याक तरास?" मी परडीतला नारळ उचलायला वाकले, तेवढ्यात बाबा गुरवाला म्हणाले, "रव. आजून एक."

ते दोन पावलं पुढे गेले, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकले आणि आवाज खाली केला. म्हणजे त्यांना वाटलं, खाली केला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही. मी मागे चार हातांवर उभी होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"देवा, घाटात तो टर्बो माज्यामुळा गेलो. माका कायेक आयकाक इला नाय. तरी मी बरा आसा म्हणान सांगलंय, लाज वाटली म्हणान. माझे कान गेलेत रे म्हाराजा. चेडवाक सांगाक धीर होणा नाय. आजपर्यंत ता माका इंजिन आयकाक न्हेय होता. आता घड्याळां इली. आता माझो तेका उपेग काय? ता माका गाडयेत वांगडा न्हेतला मा? न्हेतला असात तर उजवो दी."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने पाकळी बुडवून लावली आणि हात जोडून बाजूला झाला. पाकळी हलेना. बाबा वाकलेलेच, मानेवरचे पांढरे केस मला दिसत होते, शर्टाची कॉलर एका बाजूने आत गेलेली. आईने ती सरळ केली असती. पाकळी तिथेच. मला राग आला, देवाचा, पाकळीचा, स्वतःचा, सगळ्यांचा. हा माणूस एवढे रविवार हे पोटात धरून बसला होता? आणि मी वही घेऊन त्याच्यापुढे बसले होते?

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. सभामंडपातली कबुतरं उडाली. गिरण चालू असताना बाबांना जेवायला हाक मारायचे, त्या आवाजात ओरडले. तो आवाज बाबांना ऐकू येतो.

बाबा वळले.

"न्हेतला," मी म्हटलं. माझे डोळे भरून वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत. "न्हेतला, न्हेतला, न्हेतला. आणि काय इचारूचा आसा तर माका इचारा, देवाक नको."

"अगो, देवाक तरी बोलाक दी!" गुरव वैतागला. बाबा हसले. हसता हसता त्यांनी उंबऱ्याला टेकून खाली बसकण मारली आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. मी शेजारी बसले आणि त्यांची कॉलर सरळ केली. ती पाकळी नंतर कुठल्या बाजूला पडली, ते आम्ही दोघांनी पाहिलं नाही. गुरवाने पाहिलं असणार. विचारलं, तर म्हणाला, "पडली."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. आधी मी मेकॅनिकची माफी मागितली, तर तो म्हणाला, "जावंदे बाई, माका सवय आसा." मग त्याने विचारलं, धोक्याची खूण बझरची ठेवू की दिव्याची? मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "दिवो ठेव. बझर माका आयकाक येवचो नाय." अगदी सहज म्हणाले, चहात साखर कमी घाल म्हणतात तसं. मेकॅनिक बरं म्हणाला आणि दिव्याचा डबा काढला. मी मात्र तोंड फिरवून काजूच्या बागेकडे बघत राहिले.

धुराचं घड्याळ त्याने वळवता येणाऱ्या बैठकीवर माझ्याकडे तोंड करून बसवलं. तेलाचंही तसंच बसवायला घेतलं, तेव्हा मी त्याचा हात धरला. डावीकडे वळव, म्हटलं. "बाई, डायवराक दिसाक नको?" तो म्हणाला. "वळव म्हणतंय तर वळव." "अवो पण तुमका..." "वळव रे!" त्याने वळवलं. बाबा डावीकडच्या सीटवर जाऊन बसले, चष्मा लावला आणि मान पुढे काढून काट्याकडे बघायला लागले.

बाबा नसले की मी ते घड्याळ फिरवून माझ्याकडे करते. रविवारी गावाच्या वळणावर परत डावीकडे वळवून ठेवते. स्क्रूड्रायव्हर पुन्हा खुंटीवर आलाय. आम्ही तोंडवलीला निघतो. चढ आला की मी विचारते, "किती?" मोठ्याने विचारते.

"साडेतीन!" बाबा त्याच्याहून मोठ्याने सांगतात. "बरा आसा. चल."

आणि मी चालवत राहते.